दोन चाळीस

ईसाल्मीच्या वाचनालयामागे चार खांब आहेत.
दोन आंधळे, एक कमरेपर्यंत बर्फात.
उरला चौथा.
त्याच्यापुढे मी, उणे चौदात,
हातमोजा दातांत धरून
केबल खुपसते आहे.

कार्ड टेकवलं. टुक्.
खांबाचा दिवा हिरवा, मग निळा,
गाडीच्या कानाजवळची लाल ठिणगी
एकदा लुकलुकली
आणि गप्प.
खांब म्हणतो, मी देतोय.
गाडी म्हणते, मला दिलंच नाही.
असली भांडणं मी शाळेत रोज सोडवते;
तिथे निदान कुणाच्या तरी खिशात
पेन्सिल सापडते.

काढलं, फुंकर मारली, परत लावलं.
कुलूप घातलं, काढलं, घातलं.
पिनेवर बर्फाचा पापुद्रा होता,
तो अंगठ्याने वितळवला;
अंगठा जवळजवळ तिथेच राहिला.

हेल्पलाइनवर इलोना नावाची मुलगी.
आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय, म्हणाली,
डॉक्टर जसे रिपोर्ट नॉर्मल म्हणतात
आणि दुखणं आपल्या पदरात ठेवून उठतात.
मग तिने ताम्पेरेत बसून खांब विझवला, पेटवला.
तीनशे किलोमीटरवरच्या एका बोटाने
माझ्यापुढे अंधार झाला, उजेड झाला.
गाडी ढिम्म.

एक सांगून टाकते: टाकीत पेट्रोल आहे.
अर्ध्याहून जास्त. घर एकोणीस किलोमीटर.
काहीही अडलेलं नाही.
बटण दाबलं असतं तर इंजिन खोकत उठलं असतं
आणि एव्हाना मी वाटाण्याचं सूप ढवळत असते.
पण हट्ट पेट्रोलवर चालत नाही.

ओइवा कार्कायनेन आपली ढकलघसरण थांबवून बघत होते,
पुढच्या फळीवर वाचनालयाची पिशवी.
जलद चार्जर तिकडे पंपावर आहे, म्हणाले.
म्हटलं, त्याचा घास मोठा,
माझ्या गाडीचं तोंड तेवढं उघडत नाही.
ते हसले नाहीत. एकतीस वर्षं डेअरीत वायरमन होते.
म्हणाले,
वीज दारापर्यंत आली असेल तर बिघाड शोधू नकोस.
कुणी 'आत्ता नको' म्हणून ठेवलंय का, ते बघ.

पडद्यावर तीन पायऱ्या खाली उतरले,
सेटिंग, त्याखाली बॅटरी, त्याखाली
ज्या पानावर मी कधी गेलेच नव्हते:
चार्जिंग रोज
दोन चाळीस ते पाच पंचावन्न, पहाटे.
सोमवार सोडून.

ऑक्टोबरात क्वोपिओच्या दुकानातून घेतलेली ही गाडी.
आधीचा मालक म्हणजे कागदावरचं एक आडनाव
आणि सीटच्या फटीतला एक बटाटे सोलायचा चाकू.
स्वस्त विजेचे तास मोजणारा कुणीतरी,
सहाला बरोब्बर निघणारा,
सोमवारी कुठेच न जाणारा.
मी रात्री घरी वायर लावायची,
सकाळी गाडी भरलेली.
वाटायचं, मीच भरते.
आणि सोमवारी ती रिकामी निघाली
की थंडीला शिव्या घालायचे.

वेळापत्रक पुसायचं? पडद्याने विचारलं.
खाली लहान अक्षरांत: फक्त आत्ता चार्ज करा.
ओइवा मान वळवून उभे, जणू कुणाचं पत्र उघडतंय.
मी लहान अक्षरं दाबली.

आतून टक्, मग पंख्याची घरघर.
ठिणगी आता स्थिर,
पूर्ण होण्यास दोन तास पन्नास मिनिटं.
वाचनालय पाऊण तासात बंद होणार.
ओइवांनी पिशवीतून थर्मास काढला,
झाकण मला दिलं, स्वतः बाटलीलाच तोंड लावलं.

काल रात्री उगाच जाग आली.
खिडकीशी गेले. शेडमध्ये अंधार,
घड्याळात दोन एकोणचाळीस.
थांबले.
काहीच पेटलं नाही.
मग आठवलं, सोमवार लागला होता.